मिनिटांच्या जमिनीची मालकीण

चिमूटभर माती उचलायची, तळहातावर ठेवून अंगठ्याने वळायची, शेवई वळतात तशी. शेवई झाली की ती खाली टाकायची, हात पँटला पुसायचा आणि म्हणायचं, "अजून नाही." बाईंची पहिली आठवण हीच. मी समोर उभा, ट्रॅक्टर सुरू, पेरणीयंत्र जोडलेलं, सकाळचे दहा वाजलेले, आणि बाई म्हणणार अजून नाही. नुसती चिडचिड व्हायची हो!

आधी सांगतो मी तिथे काय करत होतो ते. हॅनोव्हरजवळच्या एका कंपनीत मी पेरणीयंत्रं तयार करणारा इंजिनियर. यंत्र तयार झालं की चाचणीसाठी ते उत्तर समुद्राच्या काठी, बाईंच्या शेतात जायचं. बाई तेव्हा पंचाहत्तरीच्या, एकट्या, ताडमाड उंच. बोलणं मोजून मापून. मला नावाने हाक कधी मारली नाही. कायम "हेर इंजिनियर", म्हणजे इंजिनियरसाहेब, आणि त्यातल्या "हेर"वर असा काही जोर की आपण शाळेत उशिरा पोचल्यासारखं वाटावं.

चाचणीला त्यांचंच शेत का? कारण इतकी छळवादी जमीन कंपनीला दुसरी मिळाली नसती. समुद्राने आणून टाकलेला गाळ, त्याला बांध घालून माणसांनी शेत केलेलं. वरून पाहाल तर देखणी, काळपट, पोयट्याची माती. पण निचऱ्याच्या नावाने शंख. सगळी जमीन तव्यासारखी सपाट, पाण्याने जायचं तरी कुठे? शेताच्या कडेने चर खणलेले, आणि ओहोटी लागली की समुद्राच्या बांधातली दारं उघडतात, तेवढंच काय ते पाणी बाहेर पडतं. सकाळी माती लोण्यासारखी, दुपारी उन्हात विटेसारखी. पेरायला मिळतात ते मधले दोन-तीन तास. तिकडे अशा जमिनीला सरळ "मिनिटांची जमीन"च म्हणतात.

मी शेतकऱ्याचाच मुलगा. सांगलीकडे आमची शेती आहे. "वाफसा आल्याशिवाय रानात पाऊल टाकू नका" हे वडिलांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. ओल उतरून माती मोकळी व्हायला लागली की तो वाफसा. पण मी कसला ऐकतोय! पुण्यात इंजिनियरिंग केलेलं, वर जर्मनीत नोकरी, आणि खिशात ओलावा मोजायची इलेक्ट्रॉनिक सुई. बाई मातीच्या शेवया वळायच्या आणि मला मनातल्या मनात हसू यायचं.

त्या एप्रिलमध्ये माझ्या प्रोबेत्साइटचे, म्हणजे नोकरीतल्या परीक्षेच्या काळाचे, सहा आठवडे उरले होते. बायको पुण्यातली नोकरी सोडून महिन्यापूर्वीच आलेली, तिला तिसरा महिना. नोकरी गेली असती तर व्हिसाचं काय, घराचं काय, सगळंच अधांतरी. तर सांगायचं म्हणजे ती चाचणी नीट पार पडणं मला फार, फार गरजेचं होतं.

सकाळी बाईंनी नेहमीप्रमाणे शेवई वळली. "अजून नाही." मग त्या डॉक्टरकडे गावात निघाल्या. जाताना गाडीची काच खाली करून म्हणाल्या, "हेर इंजिनियर, मी येईपर्यंत रानात चाक घालायचं नाही. कळलं?"

"जा, जा, गेनाऊ," मी म्हणालो. म्हणजे हो हो, अगदी बरोबर.

अकरा वाजता बॉसचा मेसेज आला. यंत्र बघायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन निघालोय, लवकर पोचतोय, सुरू करा. मी रान पाहिलं. वरची माती पांढरट, वाळलेली. सुई खुपसली, आकडा उत्तम. सुई दोन बोटं आत जाते आणि यंत्राचं वजन हातभर खोल पोचतं, हे यंत्र बनवणाऱ्या माणसाला सुचू नये? नाही सुचलं. चढलो ट्रॅक्टरवर.

पहिली दहा पावलं झकास. मग मागचं चाक बसलं. मी ॲक्सिलरेटर दाबला, ते आणखी बसलं. कसाबसा ट्रॅक्टर ओढत चराजवळच्या कोपऱ्यापर्यंत नेला आणि तिथे अडकलो. मागे वळून बघतो तर गुडघाभर खोल दोन चाकोऱ्या, आणि दोन्हींत खालून पाणी वर येतंय. तेवढ्यात बॉसची गाडी आली. आतून चार पाहुणे उतरले, त्यांच्या पायांत चकचकीत बूट.

बाई आल्या तेव्हा दुसरा ट्रॅक्टर लावून मला बाहेर काढणं चाललं होतं. अंगावर गावात जायचा कोट तसाच. त्या चाकोरीशी गेल्या, वाकल्या, बोटाने तिची भिंत खरवडली. ती साबणासारखी गुळगुळीत झाली होती.

बॉसने विचारलं, "याला सांगितलं नव्हतं का तुम्ही?"

"सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "याने ऐकलं नाही."

संपलं, मी मनात म्हटलं. बॅगा भरा आता. बायकोला काय सांगायचं याची वाक्यंसुद्धा मी जुळवायला लागलो.

बॉस लालबुंद. म्हणाला, "सप्टेंबरच्या चाचणीला मी दुसरा माणूस पाठवतो."

"नको," बाई म्हणाल्या. "दुसरा आला तर तो माझा दुसरा कोपरा नासवेल. याचा नासवून झालाय." आणि शांतपणे कोटाची बटणं काढत पुढे म्हणाल्या, "सप्टेंबरात हाच येणार असेल तर या. नाहीतर यंत्र दुसरीकडे न्या."

एक पाहुणा फसकन हसला. मग बॉसलाही हसावंच लागलं. माझी नोकरी अशी राहिली बघा. खोटं न बोलता, माझी बाजू न घेता, बाईंनी मला वाचवलं.

बॉस आणि पाहुणे गेल्यावर बाईंनी मला वाटाण्याचं सूप वाढलं आणि मग हातात फावडं दिलं. "खणा." मी खणलं. वर वीतभर काळपट माती, खाली राखाडी-निळसर, आणि तीत गंजासारखे तांबूस ठिपके. "ठिपके आहेत तिथे हवा पोचते. निळं आहे तिथे पाणी साचून राहतं," बाई म्हणाल्या. मग चाकोरीखाली खणायला लावलं. तिथे एक थर फरशीसारखा दाबला गेलेला, आणि नासक्या अंड्यासारखा वास. माझं तोंड बघून म्हणाल्या, "हा वास जायला चार-पाच वर्षं लागतील."

"तुमच्या घरी शेती नाही?" त्यांनी विचारलं. आहे म्हणालो. "मग?" मी मान खाली घालून वडिलांच्या वाफशाची गोष्ट सांगितली. बाईंनी तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला. एका शब्दात एवढं सगळं मावतं याचं त्यांना भारी कौतुक. सप्टेंबरात फोन वाजला. ना मोइन, म्हणजे तिकडचा नमस्कार, ना काही. फक्त, "हेर इंजिनियर, वाफ्सा!" मी यंत्र लादून निघालो. त्यानंतर सहा वर्षं मी त्या एका शब्दावर हॅनोव्हरहून धावत सुटायचो.

त्या कोपऱ्यावर बाईंनी पुन्हा चाक जाऊ दिलं नाही. खोल मुळांचं तिपतिया गवत पेरलं, हाताने. दर सप्टेंबरात मला तिथे फावडंभर माती काढायला लावायच्या, हुंगायच्या आणि मान हलवायच्या, "अजून नाही." रागावल्या मात्र एकदाही नाहीत. माझी मुलगी तिथे चराच्या चिखलात मनसोक्त लोळायची. मी मराठीत ओरडायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि बाई तिची बाजू घ्यायच्या. बायकोने नेलेलं लिंबाचं लोणचं त्या पावाला लोण्यासारखं फासून खायच्या. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं, तरी बरणी परत दिली नाही.

शेवटची दोन वर्षं त्या वृद्धाश्रमात होत्या आणि शेत भाचा बघायचा. मी भेटायला जायचो, पण शेताकडे पाय वळला नाही. तो कोपरा कसा आहे हे विचारायची हिंमतही झाली नाही.

या मे महिन्यात भाच्याचा फोन आला. बाई गेल्या. चर्चच्या आवारात त्यांना पोचवून झालं, कॉफी झाली, आणि मी भाच्याला म्हटलं, एकदा शेत दाखवता? आज माझं घर आहे, नोकरी आहे, मुलगी शाळेत जाते. हे सगळं ज्या बाईंमुळे आहे त्यांना मी एकदाही धड "तुमचे उपकार आहेत" असं म्हटलं नव्हतं. निदान तिथे जाऊन म्हणावं, एवढंच मनात होतं.

चराच्या कडेने चालत कोपऱ्यापर्यंत गेलो. गुडघाभर बार्ली वाऱ्यावर डुलत होती. माझ्या दोन चाकोऱ्या मी शोधायला लागलो. त्या कुठून कुठे गेल्या होत्या हे मला तोंडपाठ होतं. इकडून तिकडे गेलो, परत आलो, खाली वाकून पाहिलं. सगळीकडे एकसारखी बार्ली. ना खळगा, ना पिवळेपणा, ना पाणी.

"काही हरवलंय का?" भाच्याने विचारलं.

मी तिथेच चराच्या काठावर खाली बसलो आणि रडलो.