सिस्टरांनी बांधलेली वाट

बारावीला नापास झाले त्या वर्षी माझं रक्त फार कमी झालं होतं. जिना चढले तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. आमच्या कर्जतच्या आळीत कुणीतरी आईला सांगितलं, भिवपुरीला वीजकेंद्राच्या वसाहतीत एक सिस्टर राहतात, दवाखान्याची ड्युटी संपली की बाहेरच्या माणसांनाही घरी बघतात. आई मला घेऊन गेली.

सिस्टरांनी माझ्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली आणि लोहाच्या गोळ्यांची पाकिटं हातावर ठेवली. मग विचारलं, "दिवसभर करतेस काय?"

"काही नाही," मी म्हटलं.

"ते दिसतंय. महिनाभर गोळ्या घे. नंतरच्या रविवारी सकाळी सातला पळसदरी स्टेशनावर ये. चपला घालून येऊ नकोस."

"माझ्याकडे बूट नाहीत."

"भावाचे घाल."

आईला वाटलं, मोकळ्या हवेत फिरायला नेणार असतील. मलाही तसंच वाटलं होतं. महिन्याभराने मी भावाचे बूट पुढे कापूस कोंबून घातले आणि गेले. स्टेशनावर माझ्याच वयाची दहा-बारा मुलं-मुली उभी होती. सिस्टरांनी प्रत्येकाच्या हातात काहीतरी दिलं. माझ्या वाट्याला घमेलं आलं.

पळसदरीच्या पुढे, धरण मागे टाकून गेलं की एक डोंगर आहे. त्याच्या कमरेला सपाटीवर एक वाडी आहे, आदिवासींची, वीस-बावीस घरांची. खालून वर जायला दीड तास लागतो. सिस्टर सुट्टीच्या दिवशी आपणहून त्या वाडीत जायच्या. मुलांचे कान बघायच्या, बाळंतिणींना काय खायचं ते सांगायच्या. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. एकदा पावसात एका अडलेल्या बाईला डोलीतून खाली आणताना पुढच्या माणसाचा पाय घळीत घसरला. बाई वाचली, मूलही वाचलं, पण त्या माणसाचा घोटा मोडला आणि तो कायमचा लंगडा झाला. सिस्टर त्या वेळी डोलीच्या मागेच चालत होत्या. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर वर यायचा तेव्हा येईल. तोवर वाट तरी धड पाहिजे."

तर ती वाट बांधायचं काम होतं. बांधायचं म्हणजे सिमेंट नाही, काही नाही. डोंगरातलाच दगड हुडकायचा, पहारीने सुटा करायचा, लोटत आणायचा, खड्डा घेऊन बसवायचा. पायरी झाली की सिस्टर तिच्यावर उभ्या राहायच्या. बुटक्या, अंगाने भरलेल्या, साडी खोचलेली, पायात पुरुषी बूट. दोन्ही पायांनी त्या उडी मारायच्या.

"हलला. काढ."

मी पहिल्या दिवशी एकच दगड चार वेळा काढला. चौथ्या वेळी मला रडू आलं. त्या शेजारच्या खडकावर बसून राहिल्या, समजूत घातली नाही, मदतही केली नाही. पाचव्यांदा दगड हलला नाही. "हं," एवढंच म्हणाल्या आणि पुढे गेल्या. घरी येऊन मी आईला सांगितलं की मी पुन्हा जाणार नाही. पुढच्या रविवारी गेले. का गेले ते आजही मला नीट सांगता येत नाही. घरी मला कुणी काही काम सांगत नव्हतं, हे एक कारण असेल.

जेवायला आम्ही झऱ्यापाशी बसायचो. तिथे सिस्टर एकेकाची खबर घ्यायच्या. मी नापास झाल्याचं कळल्यावर त्यांनी मला इंग्रजीचं पुस्तक आणायला लावलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावलं. मी अडखळले की कुणी हसायचं नाही, हा नियम होता. हसणाऱ्याला दुपारी सगळ्यात जड दगड. आमच्यात एक जण होता, दिवसभर स्टेशनावर टवाळक्या करत बसणारा. त्याला त्यांनी लायसन्सचा फॉर्म स्वतः भरून दिला. तो आज एसटी चालवतो. एक मुलगी नर्सिंगला गेली. काही जण नुसतेच यायचे आणि काहीच झाले नाहीत. त्यांच्याशीही त्या तितक्याच खेकसून बोलायच्या.

पुढे मुंबईचे ट्रेकिंगवाले त्या वाटेने येऊ लागले. वाडीच्या वर कड्यापर्यंत जायचं, फोटो काढायचे, खाली यायचं. ते चुकत, पावसात अडकत, म्हणून सिस्टरांनी वाट वर कड्यापर्यंत नेली, वळणावळणावर चुन्याचे बाण काढले आणि वाडीतल्या पोरांना वाटाड्याचं काम शिकवलं. पेपरात एकदा त्यांचा फोटो आला. त्यात त्या कॅमेऱ्याकडे न बघता बाजूच्या पायरीकडे बघताहेत.

हे सगळं ऐकायला बरं वाटतं. पण डोंगरातली वाट एकदा बांधून होत नाही. दर पावसाळ्यात पाणी तिच्यावरून वाहतं, माती जाते, दगड उघडे पडतात, रान माणसाच्या उंचीचं होतं. ऑक्टोबरच्या उन्हात कोयते घेऊन पुन्हा पहिल्यापासून. मी सहा-सात वर्षं एकही रविवार चुकवला नाही. मग मला खालापूरला सरकारी कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. कर्जतहून सकाळी एसटी, ती चुकली तर टमटम, दिवसभर खिडकीवर लोकांच्या जमिनीचे कागद, संध्याकाळी परत. रविवार हा धुण्याचा, आठवड्याच्या भाजीचा आणि झोपेचा वार झाला. सिस्टर शनिवारी संध्याकाळी फोन करायच्या. "उद्या येतेस ना?" एवढंच. आधी मी कारणं सांगायचे. नंतर फोन वाजला की स्क्रीनवरचं नाव बघून तो वाजू द्यायचे. नवरा विचारायचा, "घेत का नाहीस?" मी म्हणायचे, "सिस्टरांचा आहे." त्याला तेवढं पुरायचं.

त्या कधी रागावल्या नाहीत. वर्षातून दोन-तीनदा मी जायचे तेव्हा जणू मागच्याच आठवड्यात भेटलो होतो अशा थाटात हातात पहार द्यायच्या. आभार मानायची त्यांना सवय नव्हती. आपला रविवार जसा वाटेचा, तसा सगळ्यांचाच, असं त्या धरूनच चालायच्या. याचा मला कधी कधी राग यायचा, हे खोटं कशाला बोलू.

निवृत्तीनंतर त्यांनी पळसदरीला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्या अचानक माझ्या कचेरीत आल्या. सत्तरी उलटली होती. एसटीने एकट्याच आल्या होत्या आणि बाकावर इतर लोकांसारख्या नंबर धरून बसल्या होत्या. मी बघितलं आणि त्यांना आत बोलावलं.

"खालच्या अंगाला कुणीतरी जमीन घेतली आहे," त्या म्हणाल्या. "खांब रोवताहेत. तारेचं कुंपण येणार. आपली वाट त्यातून जाते. नकाशात बघ."

मी नकाशा काढला. बोट फिरवत बघितलं, दोनदा बघितलं. ओढा होता, हद्दीच्या खुणा होत्या. वाट नव्हती.

"कागदावर नाही, सिस्टर."

"म्हणजे?"

"म्हणजे नोंदच नाही कधी झाली."

त्यांनी नकाशा स्वतःकडे वळवून घेतला. "वाडीची माणसं किती पिढ्या चालताहेत तिच्यावरून," त्या म्हणाल्या. "आम्ही वीस वर्षं दगड लावले." त्या भांडत नव्हत्या. त्यांना खरंच समजत नव्हतं.

मी त्यांना सांगितलं की वहिवाटीची वाट म्हणून अर्ज करता येईल. वाडीतल्या लोकांच्या सह्या लागतील, अंगठे चालतील. आठवड्याभरात त्या सह्यांचा कागद घेऊन पुन्हा आल्या. निम्मे अंगठे, निम्म्या शाळकरी अक्षरातल्या सह्या. "आता अर्ज तू लिही," त्या म्हणाल्या. "ही भाषा तुला येते."

मी हो म्हटलं. तो कागद चौघडी करून पर्समध्ये ठेवला.

तो तिथेच राहिला. त्या महिन्यात कचेरीत तपासणी होती. मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग मुलीची दहावी. अर्ज लिहायला फार तर एक तास लागला असता. रोज दहा जणांना मी असे अर्ज कसे लिहायचे ते सांगत होते. पण घरी आल्यावर पेन हातात धरायची ताकद नसायची, आणि कचेरीत स्वतःचं काम करायला लाज वाटायची. पर्समध्ये किल्ल्या शोधताना तो कागद हाताला लागायचा. घड्यांवर तो फाटायला आला होता. सिस्टरांनी दोनदा विचारलं, मी दोनदा "करते" म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. कुंपण पुरं झालं.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत त्यांना ताप आला. त्या स्वतः नर्स, त्यामुळे चार दिवस घरीच अंगावर काढला. एसटी चालवणाऱ्या आमच्या त्या मित्राने त्यांना कर्जतला दवाखान्यात आणलं आणि मला फोन केला. मी कचेरीतून थेट गेले. वाटेत उत्तर जुळवत होते. अर्ज दिला आहे, चौकशी चालू आहे, थोडा वेळ लागेल, असं सांगायचं ठरवलं होतं.

त्यांनी अर्जाचं विचारलंच नाही. नाकात नळी होती, आवाज खोल गेला होता. माझा हात धरून त्यांनी माझी नखं बघितली.

"फिकी आहेत," त्या म्हणाल्या. "दुपारचं जेवतेस का वेळेवर?"

"जेवते."

"खोटं बोलतेस. डबा परत नेत असशील घरी."

ते खरं होतं. मी हसले, मग मला तिथे उभं राहवेना म्हणून पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. मी खिडकीवर होते. फोन आला तेव्हा समोर रांग होती. रांग संपवूनच मी उठले.

दहाव्या दिवशी पळसदरीच्या शाळेत सभा झाली. मुंबईचे ट्रेकर मोठा हार घेऊन आले आणि चांगलं बोलले. मला बोलायला सांगितलं, मला जमलं नाही. वाडीतल्या बायका मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी बाहेर पडताना माझ्यापाशी थांबली. "बाय आमाला लई वरडायची गं," ती म्हणाली. "पोरांची नाकं पुसत नाय म्हून वरडायची. आता कोन वरडनार हाय?" आणि डोळे पुसून निघून गेली.

सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि अर्ज लिहिला. तासही लागला नाही. सह्यांचा कागद मागून चिकटपट्टी लावून जोडला. तो अर्ज अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे. किती दिवस लागतात ते मला माहीत आहे, म्हणून मी कुणाला दोष देत नाही. वेळेवर दिला असता तर कुंपण थांबलं असतं का? कदाचित नसतंही. पण हे मला कधीच कळणार नाही, आणि ते माझ्याच हाताने झालं.

दरम्यान वाडीतल्या बायका कागदाची वाट बघत बसल्या नाहीत. त्या सात-आठ जणी मिळून कुंपणाच्या राखणदाराकडे गेल्या आणि म्हणाल्या, आमाला जायाला जागा ठेव. तो बिचारा पगारी माणूस. त्याने मालकाला फोन लावला, बरंच बोलणं झालं, आणि दोन खांबांमधली तार कापून जागा ठेवली गेली. माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी. डोक्यावर मोळी असली तर ती उतरवावी लागते.

या ऑक्टोबरात मी सगळ्यांना फोन केले. शनिवारी संध्याकाळी. बऱ्याच जणांचे फोन नुसते वाजत राहिले, आणि ते का वाजताहेत हे मला पुरतं ठाऊक होतं. रविवारी पाच जण जमलो. ट्रेकरांपैकी दोघं, एसटीवाला मित्र, वाडीतली एक कॉलेजला जाणारी मुलगी आणि मी. दुपारपर्यंत घळीच्या अलीकडचं रान कापून झालं. माझी कंबर धरली होती, तळहाताला फोड आले होते. कुंपणापाशी बसून पाणी पीत होतो तेव्हा वरून एक बाई मोळी घेऊन आली. तिने मोळी खाली टाकली, अंग तिरकं करून बाहेर आली, मग तारेवरून मोळी ओढू लागली. मी उठून दुसरं टोक धरलं.

"तुमी सिस्टरच्या का?" तिने विचारलं.

"हो."

"मंग जरा वर बी बगा. झऱ्याच्या वर झाड आडवं पडलंय. आमी वाकून जातो, पन मोळी घेऊन वाकता येत नाय."

मी वर बघितलं. अजून तासाभराची चढण होती. "आज नाही होणार," मी म्हटलं. "करवत पण नाही आणली."

"मंग कदी?"

"पुढच्या रविवारी."

तिने मोळी डोक्यावर घेतली आणि उतरली.

पुढच्या रविवारी एसटीवाला मित्र आणि मी, दोघंच गेलो. त्याने शेजाऱ्याची करवत आणली होती. झाड अंजनाचं होतं, लाकूड कठीण. आळीपाळीने करवत ओढता ओढता दुपारचे दोन वाजले. बुंधा पुरता कापला गेला नाही. एका बाजूने फांद्या काढून मोळीसकट जाण्याएवढी जागा केली आणि बाकीचं तसंच ठेवलं. मग तिथेच बसून भाकरी खाल्ली. दोघांनाही बोलायचा कंटाळा आला होता. तीन वाजता आम्ही खाली उतरायला लागलो.