डावा हात पाठीमागे

माझा दादा बावीस वर्षं एका क्लबच्या बारमागे उभा राहिला आणि तेवढ्या वर्षांत त्याने कुणावर हात उगारला नाही. पेग ओतताना त्याचा डावा हात पाठीमागे असायचा. हातचलाखी काही नाही हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून, असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं कारण मला एकदाच सांगितलं होतं. लोक कॉलर धरतात, आईवरून बोलतात. तेव्हा मोकळा हात कुठे जाऊन पडेल याचा भरवसा नसतो.

तीन महिन्यांपूर्वी एका कंत्राटदाराने त्याच्याकडे रस्टी नेल मागितलं. स्कॉच, मधाचं विलायती लिकर आणि बर्फ, बस एवढंच. कंत्राटदाराने एक घोट घेतला, लिकर बनावट आहे म्हणाला आणि बसायचं स्टूल उचलून दादाच्या डोक्यात घातलं. दादा मागे कोसळला, कपाटाच्या कडेवर डोकं आपटलं, कवटीला तडा गेला. चौदा टाके पडले. जखम भरली, पण वास गेला तो गेलाच. ना दारूचा, ना साबणाचा, ना गॅसचा. क्लबने त्याला घरी बसवलं.

तो आमच्याकडे राहायला आला आणि घरात आदळआपट सुरू झाली. एकदा दूध करपून भांडं काळं झालं तरी शेजारी उभं राहून त्याला कळलं नाही. त्याने ते भांडं भिंतीवर असं हाणलं की गिलावा खाली आला. आठवड्याने न्हाणीघराच्या दारात मूठ घातली. मी सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्या आणि लेकीला म्हटलं, मामाच्या फार जवळ जाऊ नकोस.

‘आई, मामा वस्तूंना मारतो, माणसांना नाही,’ ती म्हणाली. मला ते अंतर फारसं वाटत नव्हतं.

दादाने पोलिसांत तक्रार केली होती; कोर्टाची तारीख जवळ आली तसा कंत्राटदाराचा फोन आला. रविवारी दुपारी येतो, तेच पेय करून दाखव; जमलं तर क्लबात शब्द टाकतो, मग तक्रार मागे घे. वकिलाने दादाला बजावलं, बोटही लावलंस तर केस गेली म्हणून समज. दादाला तक्रार मागे घ्यायची नव्हतीच. पण ते पेय त्याला करायचं होतं.

घरात स्कॉचची अर्धी बाटली होती. लिकर आमच्याकडे कुठून असणार? त्याने जॅमची बरणी उकळून घेतली, मध कोमट पाण्यात सैल केला, बडीशेप आणि दोन लवंगा ठेचल्या, संत्र्याची साल टाकली आणि वर स्कॉच ओतली. बरणी दोन दिवस कपाटात राहिली. नाक लेकीचं. मामा, दवाखान्यासारखा वास येतोय, असं ती पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, तेव्हा त्याने लवंगांचे तुकडे चमच्याने वेचून काढले. शेवटी माझ्या जुन्या ओढणीतून सगळं गाळलं.

रविवारी तो टॉवेलात बर्फ गुंडाळून लाटण्याने फोडत होता. प्रत्येक फटक्याला मी दचकत होते. दारावरची बेल वाजली तेव्हा लाटणं मी त्याच्या हातातून काढून घेतलं आणि माझ्याजवळच ठेवलं.

कंत्राटदार ऐसपैस बसला. दादाने डावा हात पाठीमागे घेतला, ओतलं, हलवलं, ग्लास पुढे सरकवला. कंत्राटदाराने घोट घेतला, डोळे मिटले.

‘हं. ही खरी चव. त्या दिवशी हेच दिलं असतंस तर तुझं डोकं शाबूत राहिलं असतं.’

‘त्या दिवशीचं खरं होतं साहेब,’ दादा म्हणाला. ‘हे मध आणि बडीशेप आहे.’

लेकीला हसू फुटलं. तेवढंच झालं. कंत्राटदाराने ग्लास भिंतीवर फोडला, स्कॉचची बाटली मानेला धरून टेबलाच्या कडेवर आपटली आणि तुटकं टोक दादाच्या तोंडावर चालवलं. गाल कानापर्यंत उघडला. रक्त शर्टात उतरत होतं आणि दादा तसाच उभा होता, डावा हात पाठीमागे. कंत्राटदाराने पुन्हा बाटली उगारली तेव्हा मी त्याच्या मनगटावर लाटणं घातलं. हाड मोडल्याचा आवाज बर्फासारखाच होता. बाटली पडली. तो गुडघ्यावर आला, तर मी खांद्यावर घातलं, मग पाठीवर. पहिला फटका दादाला वाचवायला होता. पुढचे दोन नव्हते.

दादाने लाटणं माझ्या मुठीतून सोडवून घेतलं. पोलीस आले तेव्हा ते त्याच्याच हातात होतं.

‘मी मारलं,’ तो म्हणाला.

लेकीने माझा दंड घट्ट धरला होता. मी गप्प राहिले. गालाला टाके घालून ते त्याला घेऊन गेले. आता केस राहत नाही, असं वकिलाने फोनवर सांगितलं.

सकाळी चौकीत जाऊन मी खरं सांगणार आहे. मगाशी लेकीने विचारलं, एकच फटका सांगितलास तर बचावात बसेल ना? मी म्हटलं, बसेल.

‘मग किती सांगणार?’

‘तीन.’

एकच सांगितला तर उरलेले दोन दादाच्या नावावर राहतील; त्याने बावीस वर्षं सांभाळलेला हात माझ्या खोटेपणात अडकवायचा नाही मला. तिने माझी बॅग आणली आणि तीत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या ठेवल्या.