बाहेरून न होणारा विषय

वडिलांनी इतक्या सहज होकार दिला, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षासाठी स्पेशल विषय ठरवायचा होता आणि मी समाजशास्त्र म्हणाले होते. आमच्या घरी साधी चप्पल घ्यायची तरी चार दिवस चर्चा चालायची. वडील भिंगारला लष्कराच्या भांडारात सिव्हिलियन कारकून होते. आलेल्या प्रत्येक पेटीत काहीतरी कमी असणारच, या समजुतीवर त्यांची नोकरी चालायची आणि संध्याकाळी ती समजूत सायकलवरून घरी यायची. असा माणूस वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "घे की. तुला आवडेल तो घे."

आईचंही तसंच. बहात्तरचा दुष्काळ अजून सरला नव्हता, नळाला रांगा असत आणि तिथे हंडे घेऊन उभं राहणं माझं काम होतं. त्या आठवड्यात आईने ते काम धाकट्या भावाला दिलं. का, तर मी उन्हाने काळी पडते. आधीची दोन वर्षं मी काळी पडत नव्हते वाटतं.

मला पुढे काय करायचं ते पक्कं ठरलेलं होतं. मावशी आजारी पडून नगरच्या दवाखान्यात होती, तेव्हा तिथे एक बाई पाहिली होती. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. क्षयाचा पेशंट बरा झाला तरी घरचे त्याला न्यायला का येत नाहीत, हे ती शोधून काढायची आणि त्याचा तिला पगार मिळायचा. मला समाजसेवेचं वेड नव्हतं. मला ती नोकरी हवी होती. विचारलं तर म्हणाली, एम.एस.डब्ल्यू. करावं लागतं. आधी बी.ए.ला विषय कुठला घ्यावा?

"कुठलाही चालतो. पदवी मात्र हातात पाहिजे."

कुठलाही कसा चालेल? मला ते खरं वाटेना. ती उगाच सोपं करून सांगत असावी, म्हणून मी आपलं समाजशास्त्र धरून ठेवलं.

उलगडा आत्याने केला. ती शेवगावकडची. तिकडे विहिरी आटल्या म्हणून आमच्याकडे राहायला आली होती. आम्ही दोघी रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत बसलो होतो.

"तोंड कशाला पाडतीस? पोरगा चांगला हाय. शुगर फॅक्टरीत केमिस्ट हाय, राहायला क्वार्टर हाय."

"कुठला पोरगा?"

"आता गं बया. सांगितलं न्हाई व्हय तुला?" तिने सूप खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. आता सांगितलंच आहे तर पुरतं सांगावं, असा तिचा स्वभाव. "येत्या उन्हाळ्यात लगीन. त्यांना पदवीवाली सून पायजे. तुझा बाप म्हणला, शेवटचं वर्ष बाहेरून देईल. घरी बसून वाचायचं, परीक्षेला तेवढं जायचं."

म्हणजे समाजशास्त्राला होकार मिळाला तो यासाठी. ते बाहेरून होत होतं. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये, चुलीपुढे बसून, होईल तेव्हा. आमच्या गल्लीत अशी बाहेरून बसणारी एक वहिनी होती. तिची पुस्तकं आता पाटाखाली टेकू म्हणून होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारलं, बाहेरून होत नाहीत असे विषय कोणते. क्लार्कने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कपाटाची किल्ली मागितली. "ज्यांना प्रात्यक्षिकं आहेत ते. मानसशास्त्र, भूगोल. हजेरी लागते." निवडलेला विषय पुढे बदलता येतो का, तेही विचारून घेतलं. महिनाअखेरपर्यंत येतो, असं कळलं.

मानसशास्त्र कशाला, याला घरी सांगण्यासारखं कारण नव्हतं; संशय आला असता. मी भूगोल म्हणाले.

वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "समाजशास्त्राचं काय झालं?"

"सर शिकवतात ते कळत नाही."

"शिकवायला सुरुवात झाली का अजून?"

मी म्हटलं, शाळांत भूगोलाच्या बाईंना मागणी आहे. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, नग मोजताना बघावं तसे. मग म्हणाले, "बरं."

आत्या म्हणाली, "नकाशात नवरा हुडकायचाय व्हय गं?"

त्याच पंधरवड्यात मुलाचे काका आले. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते म्हणत होते, "बाहेरून बसवू की. आमची काही हरकत नाही."

"भूगोल बाहेरून होत नाही," वडील म्हणाले. "प्रात्यक्षिकं असतात."

"मग विषय बदला."

"आता बदलता येत नाही."

मी बशी काकांपुढे ठेवली. महिना संपायला अजून आठवडा होता. खात्री केल्याशिवाय वडील बाजारभावसुद्धा सांगत नसत. त्यांनी चौकशी केलीच नव्हती, की चौकशी करून ते असं बोलत होते? मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर काही वाचता येईना. काकांनी चहा संपवला, आमच्या दुष्काळाची आस्थेने विचारपूस केली आणि गेले. केमिस्टचं लग्न त्याच उन्हाळ्यात दुसरीकडे झालं.

प्रात्यक्षिकासाठी आम्ही केडगावच्या बाजूला साखळी घेऊन जमीन मोजायला जायचो. शेतातली माणसं दुरून बघत, मग एखादा म्हातारा पुढे येऊन विचारी, "मिलिटरी घेनार का आमचं रान?" नाही म्हटलं तरी तो साखळी उचलेपर्यंत हलत नसे. इतर मुली हसत. मला तो बरोबर वाटे. मोजायला आलेल्यावर मीही विश्वास ठेवला नसता.

पदवी कॉलेजातच पूर्ण झाली. पुण्याला एम.एस.डब्ल्यू.च्या मुलाखतीत, भूगोल का घेतला, असं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "तो घरी बसून होत नाही म्हणून." दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलेलं खरं निघालं. तिथे वर्गात संस्कृतवाली होती, वनस्पतिशास्त्रवालीही होती.

निघायच्या दिवशी वडील एसटी स्टँडवर ट्रंक घेऊन आले. गाडी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "या कोर्सला प्रात्यक्षिकं असतात ना?"

"असतात. आठवड्यातून दोन दिवस बाहेर जावं लागतं."

"म्हणजे हाही बाहेरून होत नाही," ते म्हणाले आणि ट्रंक वर चढवायला हमालाला हाक मारली.