पाचवी घागर

मुरुडच्या त्या गल्लीत कोणत्या घरी कोण कधी बाहेरची झाली, हे तारामतीला पंचांग न बघता सांगता यायचं. नाक खुपसायची हौस म्हणून नव्हे. टँकरची रांग तिच्या हाती होती. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, दवाखान्याला नवी पाटी आली. पाऊस तेवढा आला नाही. तीन दिवसांनी एकदा टँकर यायचा, घरटी चार घागरी मिळायच्या. पण बायकांनी आपापसात एक कायदा केला होता: जिची पाळी असेल, तिच्या घरी पाचवी घागर. धुण्याला पाणी लागतं, त्यात विचारायचं काय! पुरुषांना ह्या कायद्याचा पत्ता नव्हता, म्हणूनच तो नीट चालला होता. स्वतः तारामतीची पाळी आली की ती रांगेपासून लांब, ओट्यावर बसून तिथूनच ओरडून शिस्त लावायची.

शेजारच्या सिद्धम्माने ही घागर कधी मागितली नव्हती. बसलिंगप्पा ह्या लिंगायत वाण्याची ही बायको चार वर्षांनी मोठी, म्हणून तारामती तिला अक्का म्हणायची. तीस वर्षं दोघींची भिंतीला भिंत होती. भांडणाचा विषय ठरलेला. तारामती कोपऱ्यात बसली की सिद्धम्मा मुद्दाम यायची.

“शिवला का कावळा? बस आता चार दिस,” ती म्हणायची. “आमच्या गळ्यात लिंग हाय, आम्हाला विटाळ न्हाई. मी सैपाक बी करते अन् पूजा बी.”

तारामती चडफडायची. सिद्धम्माचंच खरं आहे हे तिला पटत होतं, आणि तेच तिला जास्त झोंबायचं. पण ह्या शहाणपणाच्या घरात सिद्धम्माचे दिवस कधी आले आणि कधी गेले, हे कुणाला कळतच नसे. कळायचं कारणच नव्हतं.

फाल्गुनात सिद्धम्माने पाचवी घागर मागितली. सुनेसाठी असेल असं समजून तारामतीने दिली. बारा दिवसांनी पुन्हा मागितली, आणि त्यानंतर आठवड्यात तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी टँकर गेल्यावर तारामतीने तिला एकटीला गाठलं.

“अक्का, तुझं तर चार सालाखाली बंद झालतं. तूच सांगितलंवतंस.”

“हळू बोल की. उष्णतेनं होतंय. थोडं अंगावरून जातं, थांबतं.”

“कधीपासून?”

सिद्धम्माने पदर सारखा केला. “दसऱ्यापासून.”

“घरात ठावं हाय कुणाला?”

“आमच्यात कोण विचारतंय!”

तारामतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच महिने! माझ्यासारखी कोपऱ्यात बसली असतीस तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीने विचारून भंडावलं असतं, असं तिच्या तोंडावर आलं होतं. ते तिने गिळलं आणि सरळ दुकानात जाऊन बसलिंगप्पाला सांगितलं. त्या बिचाऱ्याने हातातला तराजू खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिघं एसटीने लातूरला गेली. डॉक्टरबाईंनी सिद्धम्माला तपासलं, एक तुकडा घेतला. मग हळू आवाजात म्हणाल्या, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर दिसतो, आणि तो पसरलाय. पाळी बंद झाल्यावर रक्ताचा थेंब दिसला तरी त्याच आठवड्यात यायला हवं होतं. आता सोलापूरला किरणांचे शेक घ्यावे लागतील.

“तुमची तपासणी झालीय?” त्यांनी तारामतीला विचारलं.

“मला काय धाड भरलीय? माझं घड्याळासारखं हाय.”

“हा रोग होण्याआधी पिशवीच्या तोंडाची कातडी दहा-दहा वर्षं गुपचूप बिघडत असते. दुखत नाही, रक्त जात नाही. तेव्हाच सापडलं तर रोग होऊच देत नाही आम्ही. काचेच्या पट्टीवर तिथलं जरासं पाणी घेऊन तपासायचं, बस.”

सिद्धम्मा रडत होती. तिला धीर यावा एवढ्यासाठी तारामती टेबलावर चढली.

महिन्याने निकाल आला. तारामतीची कातडी बिघडलेली होती. कॅन्सर नव्हता, तसंच राहिलं असतं तर पुढेमागे झाला असता. डॉक्टरबाईंनी तेवढा भाग काढून टाकला आणि दरवर्षी तपासायला यायचं बजावून घरी पाठवलं.

सिद्धम्माने सगळे शेक घेतले. केस पांढरे झाले, अंगावर मांस उरलं नाही. दिवाळीच्या आठ दिवस आधी ती गेली. त्यांच्यातल्या जंगम पुजाऱ्यांनी तिला रीतीप्रमाणे मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती लावली. तारामती समोर बसून ढसाढसा रडली. तिला दुःख होतं त्याहून जास्त राग येत होता, आणि आपण वाचलो याची लाजही वाटत होती. अक्का आजारी पडली म्हणून आपण टेबलावर चढलो, हे तिच्या मनातून जाईना.

त्यानंतर रांगेत पुरुष उभे असले तरी ती एकेकीला मोठ्याने विचारायची, अवेळी अंगावरून जातं का, तपासून आलीस का. बायका तोंडाला पदर लावायच्या. शेषेराव, तिचा नवरा, दोन-तीनदा चिडला आणि मग त्याने नाद सोडला. एका सकाळी ती सिद्धम्माची सून पार्वतम्मा हिच्या दारात जाऊन उभी राहिली. पार्वतम्मा पस्तिशीची, चांगली धडधाकट, जात्यावर बसलेली होती.

“मला तर काहीच होत न्हाई, मावशी,” ती म्हणाली. “तपासायला कशाला येऊ?”

“मला बी काहीच होत नव्हतं,” तारामती म्हणाली. “ऊठ.”