अण्णांचे तीस सेकंद

बंद पडलेला लॅपटॉप समोर आला की अण्णा आधी त्याच्या झाकणावर उलटा हात ठेवायचे. लेकराचा ताप बघतात तसा. मग म्हणायचे, "कुठं जातंय? हितंच असतंय." सीमाभागातल्या आमच्या शहापुरात कधी कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला असाल, तर हा हात आणि हे वाक्य तुम्हालाही ठाऊक असेल.

मला त्या वाक्याचा पहिल्यांदा रागच आला. तेव्हा मला सगळ्याचाच राग यायचा. मी जवळच्याच येळ्ळूर गावची. मराठीसाठी पत्रकं लिहायची, पत्रकं वाटायची, बसथांब्यावर लोकांना अडवून त्यांच्या हातात कोंबायची. त्या दिवशी एका सरकारी कार्यालयानं माझा मराठीतला अर्ज तिसऱ्यांदा परत केला होता. तशीच फणफणत घरी आले. माझ्या लॅपटॉपवर दोन सिस्टीम होत्या. विंडोज होतं ते फक्त त्या कार्यालयांचे कन्नड फॉर्म भरायला, आणि लिनक्सवर माझं स्वतःचं सगळं. मी ठरवलं, विंडोज हद्दपार. डिस्कच्या यादीत एक एवढीशी, बिननावाची पट्टी दिसली. ही विंडोजचीच असणार असं धरलं आणि सुरुवात तिच्यापासून केली. पुसली. लॅपटॉप बंद करून चालू केला तर विंडोज नाही आणि लिनक्सही नाही. काळ्या पडद्यावर नुसती एक पांढरी ओळ, चालू करण्यासारखं काही सापडलं नाही म्हणून.

त्या लिनक्सवर आप्पांचा आवाज होता. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते, सीमेच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. महिनाभर त्यांच्या खाटेशी बसून मी त्यांना बोलतं केलं होतं. पुढं आप्पा गेले. त्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत मी काढली नव्हती. गावाला जागं राहा म्हणून सांगत फिरणारी मी.

अण्णांचं दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. भिंतीपलीकडं माग चालायचा. आयुष्याची पहिली तीस वर्षं अण्णा त्याच मागावर होते. बोळात रंगवलेलं सूत वाळत घातलेलं असायचं आणि दुपारचं ऊन त्यातून गाळून आत यायचं. कधी टेबल जांभळं दिसायचं, कधी अण्णांची टोपी हिरवी. मागाच्या ठेक्यानं चहातसुद्धा बारीक वर्तुळं उठायची. तिथं थोडा वेळ बसलं की आपण कशासाठी आलो होतो तेच आठवेनासं व्हायचं.

माझी कथा ऐकून अण्णांनी लॅपटॉप उघडलाच नाही. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, रंगीत पेन्सिली घेतल्या आणि साडीचा काठ आखतात तशी माझी डिस्क आखायला बसले. निळा रुंद पट्टा विंडोज, केशरी रुंद पट्टा लिनक्स. कडेला बोटभर जागा कोरी सोडली. गिऱ्हाइकाचा काठ आखून झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम.

"काय पुसलीस, दाखीव."

मी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, विंडोजची पट्टी.

अण्णा आवाज न करता हसले. "ती कुणा एकाची न्हाय गं. मशीन उठलं की पयलं तिच्याकडं जातंय. कोण कुठं ऱ्हातंय त्ये तिच्यात लिव्हल्यालं असतंय. तू पत्ते पुसलीस. घरं हाईत."

तुम्हाला वाटेल, आता मी दोन भाषांचा दाखला देणार. देणार नाही. अण्णांना असल्या दाखल्यांचा कंटाळा होता. आणि माझा अर्ज परत करणं चूक होतं, ते चूकच आहे.

पेनड्राइव्हवरून त्यांनी मशीन जागं केलं आणि त्या कोऱ्या जागेत पट्टी नव्यानं मांडायला घेतली. निम्म्यात भिंतीपलीकडचा माग थांबला. मागावर बसलेल्या काकूंनी, अण्णांच्या बायकोनं, आतून कन्नडात हाक मारली. अण्णांनी कन्नडातच उत्तर दिलं आणि उठून गेले. ताण्याचा धागा तुटला होता. मी चरफडत बसले. घरात कन्नड बोलतात याची मनात नोंदही केली. पत्रकवाल्यांना ती खोडच असते. टोकाला टोक जोडून अण्णा परत आले, हात धोतराला पुसले आणि पत्ते लिहायला बसले.

पडद्यावर दोन ओळी उमटल्या. विंडोज. लिनक्स. अण्णांनी माझी ओळ निवडली आणि म्हणाले, आवाज लावून बघ, त्याबिगर मी सुटलो म्हणणार न्हाय.

आप्पा बोलू लागले. तुरुंगातली जाडी भाकरी, दाराची कडी, पायातला गारठा. मग मध्येच अंगणात कोणीतरी आलं आणि आप्पांनी त्याला कन्नडात विचारलं, म्हैस व्याली का? पुढं बराच वेळ म्हशीचंच, आणि आप्पांचं खो खो हसणं. माझा हात ते पुढं सरकवायला गेला.

"ऱ्हाऊ दे की," अण्णा डोळे मिटूनच म्हणाले.

"हे कापणार आहे, अण्णा. चळवळीत म्हशीचं काय काम?"

"हसल्यात न्हवं त्ये. दुसरीकडं कुठं हसल्यात?"

मी आठवून पाहिलं. सगळ्या महिन्याच्या बोलण्यात आप्पा दुसरीकडं कुठंच हसले नव्हते.

निघताना मी म्हटलं, ती निवडायची यादी दाखवूच नका, थेट लिनक्स चालू होऊ दे. अण्णांनी ऐकलं नाही. ती यादी तीस सेकंद थांबेल अशी ठेवली. "तीस असू दे. रागात आलीस तर तेवढ्यात जरा उतरंल." मग पुठ्ठ्यावर आखलेला तो काठ लॅपटॉपच्या पोटाला चिकटवून दिला.

गेल्या दिवाळीआधी अण्णा गेले. पुढच्या खोलीत आता छतापर्यंत सुताची खोकी आहेत. माग चालतो.

माझे अर्ज अजून परत येतात, मी अजून भांडते. ते तीस सेकंद कमी करायला एका फाइलीतला एक आकडा बदलावा लागतो. ते मला आता येतं. एंटर दाबला तरी वाट बघावी लागत नाही. पण मी दाबत नाही. आप्पांची म्हैस तिच्या जागी आहे. काळ्या पडद्यावर आकडे उतरत जातात, सव्वीस, पंचवीस, आणि मी कीबोर्डशेजारी उलटा हात ठेवून बसते. कोमट लागतं.