खंडेनवमीला सैल झालेला रेझर

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी आजोबांना दाढी करताना पाहिलंत. त्यांच्या रेझरच्या झडपा उघडल्या तेव्हा धाकटी म्हणाली की तो जांभई देतोय, आणि थोरल्याने विचारलं की असला रेझर अजून मिळतो का. दुकानात तरी मिळत नाही. हा एकच आहे, आणि गेल्या खंडेनवमीला तोही जाणार होता. कोणामुळे, तर माझ्यामुळे. ती हकीकत पहिल्यापासून क्रमाने लिहून ठेवते आहे, कारण फोनवर सांगायला घेतली की आजोबा मध्येच शेवट सांगून टाकतात.

रेझर आजोबांच्या वडिलांचा. शिरगावला त्यांची नारळाची आणि चिकूची वाडी होती. ते रोज सकाळी विहिरीजवळच्या नारळाला खिळा मारून त्यावर आरसा टांगायचे आणि उभ्या उभ्या दाढी करायचे. आजोबांना तारापूरला नोकरी लागली तेव्हा त्यांनी हा रेझर धुऊन, पुसून, एका रुमालात गुंडाळून दिला. तेव्हापासून आजोबांनी दुसऱ्या कशानेही दाढी केलेली नाही. प्रवासात, लग्नांत, अगदी इस्पितळातसुद्धा हाच.

त्याची रचना साधी आहे. दांड्याच्या तळाशी एक खरबरीत नॉब आहे. तो फिरवला की वरच्या दोन झडपा खिडकीसारख्या उघडतात. आत ब्लेड ठेवायचं, नॉब उलटा फिरवायचा, की झडपा मिटतात आणि ब्लेड दाबून धरतात. दांड्याच्या पोटातून एक बारीक सळई जाते, तिच्या जोरावर हे सगळं चालतं.

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. आमच्या घरात मिठाच्या डब्यावरही चिठ्ठी असते. शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातही मुलींच्या व्याकरणाआधी मी वह्यांचे समास तपासायची. अशा बाईच्या न्हाणीघरात, फळीवर, झडपांच्या सांध्यांत साबणाचं पिवळट किटण साचलेला रेझर कित्येक वर्षं पडलेला होता. मी म्हणायची, अहो, एकदा तो उकळत्या पाण्यात घाला. ते म्हणायचे, असू दे. मी म्हणायची, मीच घालते. तर ते रेझर उचलून खिशात टाकायचे आणि फिरायला जायचे. फिरायला, रेझर घेऊन.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं धुऊन, पुसून पाटावर मांडतात. नारळ सोलायचा कोयता, विळी, कात्री, पक्कड, पेचकस. त्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता वाहतात आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. विळीचीही पूजा म्हणून भाज्या आदल्या दिवशीच चिरून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सगळी हत्यारं उचलून पुन्हा कामाला घ्यायची. त्या सकाळी आजोबा फुलं आणायला बाजारात गेले होते. मी कोयता घासला, कात्री पुसली, आणि माझ्या मनात आलं की रेझर हेही हत्यारच की. घरात सगळ्यात जास्त राबणारं. त्याची पूजा आजवर झाली नाही हे बरं नव्हे.

कढत पाण्यात खाण्याचा सोडा घातला, रेझर अर्धा तास बुडवला आणि जुन्या दातांच्या ब्रशने सांधा न् सांधा घासला. किटण ढलप्यांनी निघालं. खालून अशी चकाकी आली की मी तो उजेडात धरून बघत बसले. मग पाणी निथळावं म्हणून झटकला, आणि तो खुळखुळला.

मी पुन्हा झटकला. पुन्हा खुळखुळला. नॉब फिरवून पाहिला तर झडपा मिटत होत्या, पण दाबत नव्हत्या. सळई तांदळाच्या दाण्याएवढी वरखाली होत होती. ब्लेड घालून काडेपेटीतल्या काडीने हळूच ढकललं, तर ते झडपांखाली सरकलं.

हे किती वाईट आहे हे कळायला मला वेळ लागला नाही. आजोबा दोन वर्षांपासून रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात. बारीकसा काप गेला तरी तुरटी धरून पंधरा मिनिटं बसावं लागतं. डॉक्टरांनी विजेवरचं मशीन घ्या म्हणून सांगितलं होतं. आजोबांनी मीठ सोडलं, लोणचं सोडलं, हे मात्र ऐकलं नव्हतं. पण हलणारं ब्लेड गालावर फिरवू द्यायला मीही तयार झाले नसते. म्हणजे उद्या दसऱ्याला सकाळी ते दाढीला बसायच्या आत हा नीट झाला नाही, तर वडिलांनी रुमालात गुंडाळून दिलेला रेझर कपाटात जाणार होता. आणि तो घालवला होता मी, त्यांना न विचारता.

मी रेझर आणि ब्लेडचं पाकीट पर्समध्ये टाकलं. टेबलावर चिठ्ठी ठेवली, ‘जरा बाहेर जाऊन येते, पूजा आल्यावर करू.’ कशाला ते लिहिलं नाही. आधी आपल्या बाजारातल्या घड्याळजीला गाठलं. त्याने काचेच्या कपाटावर त्याचे सगळे चिमटे ओळीने मांडले होते आणि प्रत्येकावर कुंकवाचं बोट होतं. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि नुसत्या डोळ्यांनी रेझर पाहिला. आज काही करता येणार नाही, म्हणाला. सोनाराकडेही तेच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आज गावातल्या प्रत्येक हातोडीची पूजा होती, आणि मी हातोडी शोधत फिरत होते.

तरी बोईसर मोठं, कोणीतरी भेटेल म्हणून शेअर रिक्षात बसले. कारखान्यांच्या रस्त्याला एक लेथवाला आहे, किनाऱ्यावरच्या गावातला. त्याच्या लेथला झेंडूचा एवढा मोठा हार होता की मशीन दिसेना. चार कामगार पेढे खात बसले होते.

“आज नाय व्हायचा, आजी,” तो म्हणाला. “मशीन पूजेत हाय. परवा या.”

परवा फार उशीर होईल, मी म्हटलं.

“कोनाची दाढी हाय एवढी घाईची?”

“माझ्या नवऱ्याची.”

कामगार हसले. मीही हसले असते, पण मला रडू येत होतं. ते त्याला दिसलं असावं. त्याने हातातला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मागच्या गल्लीत जायला सांगितलं. तिथे फ्रीज दुरुस्त करणारा एक भय्या आहे, त्यांच्याकडे हत्यारांची पूजा विश्वकर्म्याच्या दिवशी करतात, ती गेल्या महिन्यातच झाली, तेव्हा त्याची हत्यारं आज मोकळी आहेत. चाळीस वर्षं मी बोईसरच्या बाजारात जाते आहे. त्या बाजारात हत्यारांचे दोन सण आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

फ्रीजवाला पन्नाशीचा, दाढी राखलेला माणूस. त्याने रेझर हातात घेतला, कानाशी हलवला, नॉब चारदा फिरवला आणि मग दांड्याचा तळ मला दाखवला. तिथे नळीची कड आत वळवून सळईला धरून ठेवलेली होती. ती कड झिजून रुंद झाली होती.

“माताजी, टूटा नहीं है. पकड़ ढीली है,” तो म्हणाला. “पुरानी बात है. मैल ने पकड़ रखा था, आपने मैल निकाल दिया.”

त्याच्या आवाजात दोष देणं नव्हतं, पण मला शाळेत टेबलाच्या उलट्या बाजूला, मुलींच्या जागी, उभं राहिल्यासारखं झालं. पकडीने दाबा की जरा, मी सुचवलं. त्याने मान हलवली. पकडीने दाबलं तर नळी चपटी होईल आणि सळई कायमची अडकेल. सगळ्या बाजूंनी सारखं दाबायला हवं. त्याने खण उघडून दोन पाइप कटर काढले. फ्रीजची तांब्याची नळी कापायला वापरतात ते, मुठीत मावेल एवढे. नळीभोवती अडकवायचं, छोटा स्क्रू आवळायचा आणि गोल फिरवायचं, की त्याचं चाक कापत जातं. एक नवा होता. दुसरा इतका बोथट की नळीच काय, लोणीही कापेना.

“यही चाहिए,” तो म्हणाला, आणि बोथट उचलला.

कापणारं चाक बोथट झालं की नुसतं दाबतं. त्याने कटर कडेच्या जरा वर अडकवला, स्क्रू केसभर आवळला आणि एक फेरा दिला. मग रेझर माझ्या हातात दिला, घुमाके देखिए. अजून खुळखुळत होता. पुन्हा केसभर, पुन्हा फेरा, पुन्हा मी. तिसऱ्या फेऱ्यानंतर आवाज थांबला. मी म्हटलं, झालं. तो म्हणाला, एक और. चौथ्या फेऱ्यानंतर मी नॉब फिरवायला गेले तर तो हलेना.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने शांतपणे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब तळाशी सोडला, नॉबवर फडकं धरलं आणि मागेपुढे, मागेपुढे करत राहिला. हळूहळू नॉब फिरू लागला, मग नीट फिरला, आणि झडपा मिटताना असा बारीक आवाज आला, जसा चांगल्या पेटीचं झाकण बसताना येतो. मी पर्समधून ब्लेड काढून दिलं. पाकीट बरोबर आणलेलं पाहून तो हसला. मग त्याने मनगटाला पाणी लावलं आणि त्यावर एक हात फिरवला. केसाळ मनगटावर टपाल तिकिटाएवढी गुळगुळीत जागा तयार झाली. तिच्यावर त्याने बोट फिरवलं.

“मक्खन,” तो म्हणाला.

मग शेजारचा टायरवाला आणि चहावाला दोघांना बोलावून त्याने मनगट दाखवलं. परतीच्या रिक्षात मी लेथवाल्याने दिलेला तो पेढा खाल्ला.

घरी आले तर आजोबांनी पाट मांडून ठेवला होता. हत्यारं मी लावते तशीच, उंचीप्रमाणे. कात्री आणि पक्कड यांच्यामध्ये मात्र एक वितीएवढी जागा मोकळी होती.

“किटण काढलंस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग खुळखुळला असेल.”

तुम्हाला कसं माहीत, मी विचारलं. ते म्हणाले, तो नऊ वर्षांपासून सैल आहे. एकदा असंच साबण वाळल्यावर आपोआप घट्ट बसला, तेव्हापासून त्यांनी तो कधी घासला नाही, मलाही घासू दिला नाही. म्हणूनच खिशात घालून फिरायला नेत होते.

“मला सांगायचं नाही का?”

“अगं, तुझ्या घरात मोडकी वस्तू दुसरा दिवस बघत नाही.”

मला हे नाकारायचं होतं. एखादी मोडकी वस्तू दिसते का म्हणून मी घरभर नजर फिरवली. दिसली नाही. आजोबांनीच मदत केली. तीन पायांचं स्टूल, जुना मिक्सर, आवाज करणारा पंखा, एकेक गेलेली वस्तू त्यांनी बोटांवर मोजून दाखवली. दुसऱ्या हातावर आले तेव्हा मी पर्समधून रेझर काढून पुढे केला.

त्यांनी तो कानाशी हलवला. नॉब फिरवला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. चेहरा तुम्ही चॉकलेटचा डबा उघडताना करता तसा झाला. मग त्यांनी तो मोकळ्या जागेत ठेवला आणि आम्ही पूजा केली. पूजेनंतर अर्थात कोणालाच हात लावता येईना. संध्याकाळपर्यंत ते पाटाजवळून पाच वेळा गेले. सहाव्या वेळी खुर्चीच तिथे आणली आणि पेपर वाचायला बसले.

दसऱ्याला सकाळी पाट उचलला आणि ते न्हाणीघरात शिरले. दार उघडंच होतं. मी चहाचा कप घेऊन दारात उभी राहिले, लग्नानंतर पहिल्यांदाच असेन. फेसातून पहिली पट्टी निघाली, दुसरी निघाली. हनुवटीखालचा अवघड भाग गेला. कुठेही लाल दिसलं नाही. तोंड धुऊन त्यांनी गाल पुढे केला आणि मी हाताची मागची बाजू फिरवून पाहिली. तुरटीचा खडा फळीवर कोरडाच राहिला.

आपट्याची पानं देऊन झाल्यावर ते पलंगाखाली वाकले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा बाहेर ओढला. तो डबा मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. आत एक टॉर्च होता, गजराचं घड्याळ होतं, आणि रिव्हेट निसटलेला अडकित्ता होता.

“हेही तुझ्या त्या माणसाला दाखवू या,” ते म्हणाले.

सोमवारी आम्ही दोघं बोईसरला गेलो, डबा आजोबांच्या मांडीवर. फ्रीजवाल्याने तिन्ही वस्तू फडक्यावर मांडल्या, डोकं खाजवलं आणि विचारलं, आधी काय करू. आजोबा म्हणाले घड्याळ, मी म्हटलं अडकित्ता, आणि आमचं तिथेच, त्याच्या दुकानात, भांडण सुरू झालं.