उणे बावीस अंशांतला शुक्रवार

दुबईतल्या जबल अलीच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये मी चार वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. आलेल्या मालाचं तापमान बघायचं, तारखा तपासायच्या, सही करायची. बाहेर ऑगस्टमध्ये पंचेचाळीस अंश आणि फ्रीझर चेंबरमध्ये उणे बावीस. दारातून दमट हवा आत शिरली की छताला बर्फ धरायचा आणि भुरभुर खाली पडत राहायचा. नवीन माणूस पहिल्या दिवशी त्याचे फोटो काढून गावी पाठवायचा. दुसऱ्या दिवशी तोच बर्फ उपसायला हातात फावडं आलं की फोटो बंद.

चेंबरमधली फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस संगमेश्वरकडचा होता, हे मला वर्षभर माहीत नव्हतं. आमचं बोलणं हिंदीतून, तेही माल रचायच्या लाकडी पॅलेटांच्या नंबरांपुरतं. एकदा त्याच्या पायावर कार्टन पडला आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते अस्सल कोकणी मराठी होतं. मला हसू आलं. तो ओशाळला. तेव्हापासून तो मला मराठीतून ‘मॅडम’ म्हणायला लागला, एवढाच फरक.

त्या आठवड्यात मला गोठवलेल्या चिकनच्या काही कार्टनवर दोन-दोन स्टिकर सापडले. वरच्या स्टिकरवर पुढच्या वर्षाची तारीख होती. नखाने कोपरा उचलला तर खाली जुनी, उलटून गेलेली. गुरुवारी मी स्टोअर मॅनेजरला सांगितलं. तो शांत माणूस होता, कधी आवाज चढवायचा नाही. म्हणाला, ‘‘सप्लायर की गलती होगी. मैं देख लेता हूँ. आप छोड़ दो.’’

मी सोडलं नाही. शुक्रवारी दुपारी बारा वाजता गोदाम बंद होतं. साडेअकराला मी म्हटलं, मला त्या पॅलेटचे फोटो घ्यायचे आहेत. मॅनेजर ‘ठीक है’ म्हणाला. मग त्यानेच फोर्कलिफ्टवाल्याला हाक मारली आणि मॅडमबरोबर जा म्हणून सांगितलं.

चेंबरच्या बाहेर एक पांढरा बोर्ड असतो. आत जाणाऱ्याने त्यावर आपलं नाव लिहायचं, बाहेर आल्यावर पुसायचं. आम्ही दोघांनी नावं लिहिली, जॅकेटं चढवली, आत गेलो. माल शेवटच्या ओळीत, रॅकच्या चौथ्या मजल्यावर होता. त्याने पॅलेट खाली उतरवलं. मी स्टिकर सोलून फोटो काढत होते. तेवढ्यात दाराचा आवाज आला. ते सरकतं दार आहे, जड, बंद होताना एखादा मोठा सुस्कारा टाकल्यासारखं वाजतं. पाठोपाठ दिवे गेले. दिव्यांचं बटण बाहेर होतं.

त्याने फोर्कलिफ्टचा हेडलाइट लावला आणि आम्ही दारापाशी गेलो. दार आतून उघडायला एक लाल दट्ट्या असतो. तो त्याने दाबला, तर सगळा हातातच आला. त्याचा आतला दांडा कुणीतरी काढून घेतला होता. धोक्याची घंटा दाबली, वाजली नाही. त्या जाड भिंतींतून मोबाइलला रेंज कधीच मिळत नव्हती. आम्ही दारावर हात आपटले, ओरडलो. बाहेर पंख्यांची घरघर आणि जुम्म्याच्या नमाजला निघालेली माणसं. कोण ऐकणार? सोमवारपर्यंत कुणी येणार नव्हतं.

मी त्याच्यापासून दोन पावलं मागे सरकले. मॅनेजरने याला पाठवलं, दारातून शेवटी हाच आत आला. डोक्यात एवढंच होतं. ते त्याला दिसलं असावं.

‘‘तुम्हाला वाटतंय हे मी केलं,’’ तो म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘तीन आठवड्यांपूर्वी हा दट्ट्या ढिला आहे म्हणून मीच लिहून दिलं होतं. आणि मॅडम, मी केलं असतं तर मी बाहेर असतो.’’

हे पटण्यासारखं होतं. पण विश्वास बसला असंही नाही. बसायला वेळ नव्हता, इतकंच.

त्याला चेंबर माझ्यापेक्षा चांगला कळत होता. म्हणाला, माणसाला थंडीपेक्षा पंख्याचा वारा आधी मारतो. त्याने चार पॅलेटं एकमेकांना खेटून लावली, वर पुठ्ठे टाकले आणि आत मावेल एवढी खोप केली. पॅलेट गुंडाळायची प्लॅस्टिकची फिल्म त्याने माझ्या पायांना, पोटाला, जॅकेटवरून गुंडाळली. मीही त्याला गुंडाळली. तोवर आम्ही कधी हातही मिळवले नव्हते. आता एकमेकांभोवती फिरत प्लॅस्टिक लपेटत होतो आणि दोघंही दुसरीकडे बघत होतो.

अर्ध्या तासाने माझे दात वाजायचे थांबले. हे चांगलं लक्षण नाही हे मला ठाऊक होतं.

‘‘बोलत राहा,’’ तो म्हणाला. ‘‘काहीही. तुमचं काम काय असतं ते सांगा.’’

मी सांगायला लागले. थर्मामीटर, रजिस्टर, तापमानाचा आलेख. छताजवळ सेन्सर असतो, त्याचं रीडिंग कॉम्प्युटरवर जातं, उणे पंधराच्या वर गेलं की टेक्निशियनच्या मोबाइलवर अलार्म... आणि मी थांबले.

‘‘सेन्सर कुठे आहे?’’ त्याने विचारलं.

सेन्सर तिसऱ्या ओळीच्या वर होता, बोटाएवढी धातूची नळी. फोर्कलिफ्टच्या काट्यांवर त्याने जाळीचा पिंजरा बसवला. स्टॉक मोजायला माणसं त्यातूनच वर जायची. मी आत उभी राहिले. त्याने मला वर उचललं. खालचा हेडलाइट बघता बघता लहान झाला. हातमोजा काढून मी ती नळी मुठीत धरली. थंड म्हणणं खोटं होईल. विस्तव धरल्यासारखं वाटलं.

किती वेळ धरली ते सांगता येत नाही. बोटांचं दुखणं थांबलं तेव्हा मी खाली ओरडले, ‘‘आता काही कळत नाही मला!’’

‘‘हात काढ! खाली ये, माझी पाळी,’’ तो ओरडला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्याने मला दोन लिव्हर दाखवले, वर कुठलं, खाली कुठलं. मी त्याला वर पाठवलं. मग मी, मग पुन्हा तो. माझी उजव्या हाताची बोटं पांढरी पडली होती. खोपीत बसून त्याने ती आपल्या जॅकेटात, काखेत घेतली. मी विचारलं, ‘‘घरी कोण आहे?’’ तो म्हणाला, ‘‘आई. बहिणीचं लग्न झालं.’’ मग विचारलं, ‘‘तू घाबरला आहेस का?’’ तो म्हणाला, ‘‘हो. गाडीच्या बॅटरीच्या दोनच काड्या राहिल्यात.’’

गाडी बंद पडली तेव्हा तो वरच होता. हेडलाइट विझला. पिंजरा चार मजले वर अडकलेला, मी खाली, सगळीकडे अंधार. मी त्याला हाक मारत राहिले आणि तो ‘ओ’ देत राहिला. प्रत्येक ‘ओ’ आधीच्यापेक्षा उशिरा येत होता. एकदा आलाच नाही. मी त्याच्या नावाने किंचाळले. तेव्हा वरून आवाज आला, ‘‘धरलंय. सोडलं नाही.’’

थोड्या वेळाने दार सरकलं.

टेक्निशियन केरळचा होता. शारजात घरी जेवायला बसला होता. नंतर त्याने सांगितलं, पहिला अलार्म त्याने सोडून दिला. मग दुसरा आला, तिसरा आला. ‘‘मशीन बिघड़ता है तो टेम्परेचर चढ़ता जाता है. ये ऊपर, नीचे, ऊपर, नीचे. मशीन ऐसा नहीं करता, मॅडम. आदमी करता है.’’ तो ताट तसंच ठेवून निघाला होता. दार उघडल्यावर आधी ‘‘या अल्ला’’ म्हणाला आणि मग माझ्या अंगावर त्याने स्वतःचा शर्ट काढून टाकला. बाहेर दुपारचे पावणेतीन वाजले होते. माल उतरवायच्या डॉकच्या तापलेल्या सिमेंटवर मी पालथी पडून राहिले. माणसं पिंजरा उतरवायला धावली. उतरवल्यावरही त्याची मूठ उघडत नव्हती.

कॅमेऱ्यात सगळं दिसलं. आदल्या रात्री मॅनेजर हातात पाना घेऊन एकटाच चेंबरमध्ये गेला होता. शुक्रवारी आमच्यामागून तो दारासमोर येऊन उभा राहिला. बोर्डावरची आमची नावं त्याने वाचली, तळहाताने पुसली, मग दार ओढलं, दिवे बंद केले. जाताना घड्याळात बघितलं. कंपनीने मला समजावलं, तक्रार नको, आपसात मिटवू. मी तक्रार केली. पोलिसांनी तापमानाचा आलेखही मागून घेतला. स्टिकरही त्यानेच बदलायला लावले होते, हे बाहेर आलं. मॅनेजरला शिक्षा झाली आणि ती भोगल्यावर त्याला देशाबाहेर पाठवलं. कार्टन नगरपालिकेने नष्ट केले. मला मॅनेजरचा राग यायला हवा होता. मला आठवत राहिलं ते त्याचं घड्याळात बघणं.

लोक विचारतात, तिथेच प्रेम जमलं का? नाही. तिथे आम्ही फक्त जिवंत राहिलो.

माझ्या दोन बोटांची संवेदना गेली होती. तीन महिने कुर्त्याची बटणं लावता येत नव्हती. मी अल नहदाला मावसबहिणीकडे राहायचे. तो अल क्वोजच्या लेबर कॅम्पमधून दर रविवारी दोन बस बदलून यायचा. दारातच विचारायचा, ‘‘बोटं?’’ मी हात पुढे करायचे. तो एकेका बोटाचं टोक दाबायचा, ‘‘कळतंय?’’ मग चहा घ्यायचा, भाच्यांच्या इंग्रजीला हिंदीतून उत्तरं द्यायचा आणि जायचा. एका रविवारी तो आला नाही. ओव्हरटाइम लागला होता, पण मला ते ठाऊक नव्हतं. दुपारभर मी गॅलरीत उभी राहिले. बहीण म्हणाली, ‘‘अगं, ऊन लागेल.’’ तेव्हा मला कळलं.

बाबांनी फोनवर विचारलं, ‘‘ड्रायव्हर?’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’ पुढचे पाच महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. लग्नाला आले, मात्र जेवले नाहीत. आता ते हिवाळ्यात दोन महिने आमच्याकडे राहायला येतात. संध्याकाळी सासरे-जावई समुद्राकडे फिरायला जातात, गळाने मासे धरणाऱ्यांच्या बादल्यांत डोकावतात आणि कुठला मासा कुठला यावर वाद घालत परत येतात. मला कधी बोलावत नाहीत.